पोलिओग्रस्त बालकांची माउली : फातिमा इस्माईल

फातिमा हे नाव उच्चारताच आपल्या समाजाला सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख यांचे स्मरण होते. ज्यांच्यासाठी शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी ते उघडण्याच्या कामात त्या सावित्रीबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी याच नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीने मुंबईत आणखी एक बंद दार उघडले. पोलिओने ज्यांचे पाय गेले, ज्यांच्या वाट्याला घराचा कोपरा आणि लोकांची कीव एवढेच उरले होते, अशा लहानग्यांसाठी ते दार होते. फातिमा इस्माईल असे या स्त्रीचे नाव. शिक्षणाच्या इतिहासात फातिमा शेख यांना मानाचे स्थान मिळाले आहे. अपंग बालकांच्या पुनर्वसनाच्या इतिहासात तेच स्थान फातिमा इस्माईल यांचे आहे. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र आवर्जून वाचावे असे आहे, कारण बालकाच्या आयुष्यात वेळेला किती मोल असते हे त्यांच्याइतके थोड्यांनीच ओळखले.

फातिमाबाईंचा जन्म 1903 साली सोबानी या सधन मुस्लिम व्यापारी घराण्यात झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे मुंबईतील गिरणीमालक व स्वातंत्र्यचळवळीचे खंदे पुरस्कर्ते होते. होमरूल चळवळीत ते अग्रभागी होते. 1919 साली रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचे नाव होते. 31 जुलै 1921 रोजी महात्मा गांधींनी मुंबईत परदेशी कापडाची जी प्रचंड होळी केली, ती परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, सोबानी यांच्याच जागेवर झाली. ज्याचे वैभव कापडावर उभे होते त्याच माणसाने आपल्या अंगणात कापडाची होळी पेटू दिली. पुढे कापसाच्या व्यापारात त्यांना जबर तोटा सोसावा लागला. कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते अशा आपल्या खानदेशातील वाचकाला त्या हानीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. देशासाठी पदरमोड करणाऱ्या अशा घरात फातिमाबाई वाढल्या. बंधूंच्या प्रेरणेने तरुण वयातच त्या राष्ट्रीय चळवळीकडे ओढल्या गेल्या.

त्यांचा विवाह मोहम्मद हाशम इस्माईल यांच्याशी झाला. पती सरकारी व्यापार आयुक्त होते. अधिकाऱ्याची पत्नी म्हणून सुखासीन आयुष्य जगण्याची सोय होती. परंतु फातिमाबाईंचा पिंड निराळा होता. अखिल भारतीय महिला परिषदेच्या कार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले. प्रौढ स्त्रियांना अक्षरओळख व्हावी, त्यांच्या हाताला काम मिळावे, यासाठी त्या झटल्या. 1942 च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांच्या घरी आसरा मिळाला. संघटना कशी बांधावी, अधिकाऱ्यांच्या दारात न संकोचता कसे उभे राहावे, नकार ऐकूनही पुन्हा कसे जावे, हे सारे शिक्षण त्यांना या काळात मिळाले. पुढे एका लहान मुलीच्या पायासाठी ते सारे कामी आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांची धाकटी कन्या उषा आजारी पडली. ती तेव्हा अवघ्या तीन वर्षांची होती. आजाराचे निदान पोलिओ असे झाले. या रोगाचे स्वरूप आजच्या तरुण पालकांनी पाहिलेले नाही, म्हणून ते थोडे सांगितले पाहिजे. पोलिओचे विषाणू दूषित पाण्यावाटे व हातांवाटे पोटात शिरतात. बहुतेक मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही; पण सुमारे दोनशेतील एखाद्या मुलाच्या मज्जारज्जूवर हल्ला होतो. स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशी तेथे मरतात. दोन-तीन दिवसांचा ताप येतो आणि एका सकाळी मूल उठते तेव्हा त्याचा पाय लुळा पडलेला असतो. आपल्याकडे याला वारे गेले असे म्हणत. त्या वारे गेलेल्या पायाची संवेदना मात्र शाबूत असते. चिमटा घेतला तर मूल रडते, पण पाय मागे घेऊ शकत नाही.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत करण्याचे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. तथापि सर्वच पेशी मेलेल्या नसतात. काही केवळ दुखावलेल्या असतात व त्या सावरतात. जे स्नायू वाचले त्यांना योग्य व्यायाम मिळाला तर ते दुबळ्या स्नायूंचे काम काही अंशी उचलतात. ही सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते आणि पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत मंदावत जाते. याच काळात दुर्लक्ष झाले तर दुसरे संकट येते. सशक्त स्नायू दुबळ्या स्नायूंना ओढून धरतात, गुडघा व खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतात, टाच वर उचलली जाते, आणि पाय कायमचा वाकडा होतो. म्हणजे पोलिओने जेवढे नेले त्याहून अधिक नुकसान पुष्कळदा नंतरच्या हयगयीने होत असे. मूल आपोआप चालू लागेल म्हणून वाट पाहण्यात, देवऋषी आणि अंगारे-धुपारे यांच्या मागे फिरण्यात सहा महिने निघून जात, आणि मग डॉक्टरकडे आणलेल्या मुलासाठी करण्याजोगे फारसे उरत नसे.

त्या काळी सधन आईबापांचीही स्थिती फार वेगळी नव्हती. मुंबईसारख्या महानगरातसुद्धा पोलिओ झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र नव्हते. फातिमाबाईंनी हात जोडून बसण्याचे नाकारले. मद्रासचे डॉ. एम. जी. किणी हे अस्थिशल्यचिकित्सेतील नामांकित नाव त्यांच्या कानी आले. मुलीला घेऊन त्या तेथे गेल्या. युद्धातील जखमींच्या उपचारात गुंतलेल्या डॉक्टरांनी आरंभी असमर्थता दर्शवली. पण ही आई परतायला आलेली नव्हती. तिच्या चिकाटीपुढे डॉक्टरांनी होकार दिला. पुढचे काही महिने उषाचे उपचार चालले. दिवसामागून दिवस तेच व्यायाम, तीच मालिश, पायाला योग्य स्थितीत ठेवण्याची तीच धडपड. फळ हळूहळू दिसू लागले आणि मुलीच्या पायात बळ येऊ लागले.

मद्रासनंतर पुण्याचा टप्पा आला. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी लष्कराने पुण्यात व्यायामोपचाराची सोय केली होती. जी साधने व जे तंत्र सैनिकांच्या तुटक्या अंगांसाठी वापरले जात होते, तेच मुलांच्या लुळ्या पायांसाठी उपयोगी पडते, हे फातिमाबाईंनी तेथे पाहिले. ज्ञान उपलब्ध होते, साधने उपलब्ध होती, प्रशिक्षित माणसेही होती. ती बालकांपर्यंत पोचवणारा दुवा तेवढा नव्हता. युद्ध संपल्यावर ही साधने धूळ खात पडणार आणि मुले घरोघरी पांगळी होत राहणार, ही विसंगती त्यांना अस्वस्थ करू लागली.

येथे त्यांच्या चरित्राचे खरे वळण आहे. स्वतःची मुलगी चालू लागल्यावर कोणत्याही आईने समाधानाचा सुस्कारा टाकला असता, आणि त्यात दोष काढण्यासारखे काही नव्हते. फातिमाबाईंना मात्र हिशेब स्पष्ट दिसला. उषा चालू लागली ती तिच्या आईजवळ मद्रासपर्यंत जाण्याचे बळ, पैसा, ओळखी आणि महिनोन्‌महिने तेथे राहण्याची सवड होती म्हणून. गिरणीकामगाराच्या बायकोने काय करावे? परगावाहून पोर पाठीवर घेऊन आलेल्या शेतमजुराने कोणाचे दार ठोठवावे? ज्या उपचारासाठी वेळ हाच मुख्य घटक आहे, तो केवळ ऐपतदारांनाच वेळेवर मिळत असेल, तर रोगाइतकाच दोष व्यवस्थेचाही आहे.

म्हणून 1947 साली, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. प्रख्यात शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीवरील आपली दवाखान्याची जागा त्यासाठी दिली. प्रारंभ लहानसाच होता, परंतु गरज केवढी मोठी आहे हे थोड्याच दिवसांत दिसून आले. मुलांची रीघ लागली आणि जागा अपुरी पडू लागली. पुढे युद्धकाळात लष्करी इस्पितळासाठी वापरलेल्या जागेत केंद्राचे काम नेण्यात आले. विकलांग बालकांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी जी संस्था स्थापन केली तिचे वर्षही 1947 हेच. फाळणीच्या त्या वर्षात माणसे धर्माच्या नावाने एकमेकांपासून तुटत होती. त्याच वर्षी मुंबईत एक मुस्लिम स्त्री सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या पायांत बळ आणण्याच्या खटपटीत होती, ही गोष्ट आजही विसरण्यासारखी नाही.

संस्था चालवणे म्हणजे केवळ दयाभाव नव्हे. निधी हवा, डॉक्टर हवेत, व्यायामोपचार करणारी प्रशिक्षित माणसे हवीत, पायाला आधार देणारे कॅलिपर आणि मापाचे बूट तयार करणारे कारागीर हवेत. मूल वाढते तसे कॅलिपर आखूड पडते. म्हणजे दर थोड्या काळाने नवे हवे. त्यासाठी फातिमाबाईंनी सरकारी कचेऱ्या, दानशूर घराणी आणि वैद्यकीय क्षेत्रातील मान्यवर यांच्याकडे सतत फेऱ्या घातल्या. अखेर हाजी अलीच्या परिसरात, समुद्राच्या काठी, मुलांसाठी स्वतंत्र अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. हजारो मुलांनी आयुष्यातील पहिले पाऊल या वास्तूत टाकले. त्याच जागी आज नव्या काळाला अनुरूप असे बालरुग्णालय उभे आहे आणि फातिमाबाईंच्या संस्थेचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे.

त्याच सुमारास मुंबईत या कार्याला पूरक अशा इतर गोष्टीही घडत होत्या. अमेरिकेत जन्मून महाराष्ट्राची सून झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय सुरू केले. दुबळ्या हातांना घास घेणे, गुंडी लावणे, पाटीवर लिहिणे शिकवणारे हे शास्त्र होय. 1955 साली हाजी अली येथेच भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. एका आईने ज्या वाटेवर पहिले पाऊल टाकले होते, ती वाट दहा वर्षांच्या आत रुळली.

त्यांच्या कार्यातून एक गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. पोलिओचे उपचार दोन-चार दिवसांत आटोपणारे नसतात. शस्त्रक्रिया, प्लास्टर, व्यायाम, पुन्हा शस्त्रक्रिया असे चक्र महिनोन्‌महिने चालते. नेमके हेच महिने मुलाच्या खेळण्याचे, अक्षर गिरवण्याचे, सवंगड्यांशी भांडून पुन्हा गट्टी करण्याचे असतात. पाय सरळ झाला, पण दरम्यान मूल निरक्षर आणि एकाकी राहिले, तर त्याला उभे केले असे म्हणता येत नाही. म्हणून पुनर्वसन या शब्दात उपचार, शिक्षण आणि पुढे स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे काम हे तिन्ही येतात. आईबापांपासून दूर राहून शिकण्याचा अर्थ निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिल्या रात्री गावाची आठवण येते, आणि मग शेजारच्या खाटेवरचा मुलगाच भाऊ होतो. रुग्णालयातील मुलांचेही तसेच असते. आपल्यासारखीच दुसरी मुले आहेत, हे कळले की मुलाच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते. आणि सर्वसामान्य मुलांत मिसळता आले की उरलेलेही हलके होते.

भारत सरकारने 1958 साली फातिमाबाईंना पद्मश्री देऊन गौरविले. 1978 साली, वयाच्या पंचाहत्तरीत, राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. 1984 पर्यंत त्या सदस्य होत्या. याच कालावधीत, 1981 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. ज्या प्रश्नासाठी त्यांनी एकेकाळी एका डॉक्टरच्या दाराशी हट्ट धरला होता, तो आता जगाच्या व्यासपीठावर मांडला जात होता. 1987 साली त्यांचे निधन झाले.

ज्या रोगाने त्यांना या कार्याकडे वळवले त्याचे उच्चाटन पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. 1995 पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. आपल्या गावोगावच्या बूथवर दोन थेंबांसाठी लागलेल्या रांगा येथील अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. कित्येकांनी तेथे स्वयंसेवक म्हणून कामही केले असेल. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा देशातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण ठरला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

मग फातिमाबाईंच्या चरित्राचे आज प्रयोजन काय? पोलिओ गेला, तरी लहान मुलांतील अपंगत्व गेलेले नाही. जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने हातापायांत ताठरपणा आलेली, ऐकू न येणारी, दृष्टी क्षीण असलेली, पाऊल आत वळलेली, बौद्धिक वाढ मंदावलेली, स्वमग्न अशी मुले आजही जन्मतात. एरंडोल शहरात तशीच कासोदा, उत्राण, रिंगणगावातही. आणि वेळेचा नियम त्यांनाही लागू आहे. आत वळलेल्या पावलाला जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत क्रमाक्रमाने प्लास्टर घातले तर बहुतेक मुले मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ चालतात. बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखून श्रवणयंत्र व भाषेचे शिक्षण सुरू झाले तर मूल बोलू शकते; चौथ्या-पाचव्या वर्षी सुरुवात केली तर भाषा शिकण्याचे सर्वांत सुपीक दिवस निघून गेलेले असतात. शेतकऱ्याला पेरणीचा वाफसा चुकवून चालत नाही. मुलाच्या मेंदूलाही असा वाफसा असतो.

सुदैवाने आज मद्रासपर्यंत जाण्याची पाळी येत नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. ज्या मुलांत दोष आढळेल त्यांना पुढील तपासणीसाठी जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद त्यात आहे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता इतरांबरोबर शिकवावे, हे त्याच कायद्याने बंधनकारक केले. म्हणजे प्रवेश हा आता कोणाच्या दयेचा विषय राहिलेला नाही.

तरीही पहिले पाऊल आईबापांनाच उचलावे लागते. मूल पाच महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, दहा महिन्यांनी बसत नसेल, दीड वर्षाने चालत नसेल; ताट पडल्याच्या आवाजाला दचकत नसेल; दीड वर्षानंतरही एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, तर थांबू नये. घराण्यात मुले उशिराच बोलतात, मुलगा आहे म्हणून आळशी आहे, मामाही असाच होता, असे दिलासे वडीलधारी मंडळी प्रेमाने देतात. पण त्यांत महिने जातात. तपासणीत काही निघाले नाही तर गमावले काहीच नाही. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगावे, ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि अंगणवाडीत त्या मुलाला आपल्या हाताने नेऊन बसवावे. लोक काय म्हणतील या भयाने मूल घरात दडवणे, हा त्याच्यावर दुसरा आघात आहे. मागील जन्मीचे पाप, नशीब, देवाचा कोप या कल्पनांनी आपल्या पूर्वजांना शतकानुशतके दूर ठेवले गेले. अपंग बालकाबाबत तीच भाषा आपण वापरणे शोभणारे नाही.

शाळांसाठीही या चरित्रात बोध आहे. व्हीलचेअर वर चढेल असा उतार, खाली बसता न येणाऱ्या मुलाला वापरता येईल असे शौचालय, कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर जागा आणि त्याच्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक, यांना फार मोठा निधी लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेला काय द्यावे असा विचार करताना वर्गखोली व संगणकाइतकाच या गोष्टींचाही विचार करावा. त्या वर्गात बसणाऱ्या इतर मुलांनाही त्यातून जे शिक्षण मिळते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

फातिमा इस्माईल डॉक्टर नव्हत्या. त्यांनी कोणत्या औषधाचा शोध लावला नाही. आपल्या मुलीला जे वेळेवर मिळाले ते दुसऱ्याच्या मुलालाही वेळेवर मिळाले पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली आणि चाळीस वर्षे ती सोडली नाही. लेकरासाठी मद्रास गाठणारी आई आणि सर्वांच्या लेकरांसाठी रुग्णालय उभारणारी कार्यकर्ती, या दोन्ही रूपांना स्मरणिकेच्या निमित्ताने विनम्र अभिवादन.